पायऱ्या उतरताना

त्या सकाळी शाहू स्टेडियमवर आम्ही सहा जण होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, गवतावर दव होतं. चाचणीसाठी आलेला खेळाडू गॅलरीत वरच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. पश्चिम आफ्रिकेतला, पासपोर्टवर वय तेहेतीस. गोव्यात खेळलेला, केरळात खेळलेला, कोलकात्यात एक हंगाम काढलेला. कठड्याला टेकलेली आमच्या पेठेतली पोरं त्याच्या मांड्यांकडे बघून आपापसांत कुजबुजत होती.

तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरायला लागला. मी त्याचे खांदे बघत होतो. माझ्या शेजारी आबा बसले होते. आमच्या निवड समितीतले सर्वांत जुने. तरुणपणी तालमीच्या संघाचे स्टॉपर होते, आता सत्तरी ओलांडलेली. ते पायऱ्या बघत होते.

"डावा पाय आधी टाकतोय," आबा म्हणाले. "दर पायरीला डावाच. बघ की."

"म्हंजे काय, आबा?"

"गुडघा दुखत असला की माणूस जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली सोडतो. भार चांगल्या पायावर धरतो. त्याचं त्यालासुद्धा कळत नाही."

मी मान डोलावली आणि विसरलो. कारण दहाच मिनिटांत त्या माणसानं पंचवीस यार्डांवरून उजव्या पायानं असा फटका मारला, की चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीत घुमला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला फोनवर फोन येत होते. दुसऱ्या दोन संघांचे लोक त्याच्या मुक्कामी जाऊन बसलेत अशी बातमी होती. संध्याकाळी सात वाजता तालमीच्या वरच्या खोलीत आम्ही त्याच्याशी हंगामाचा करार केला. सचिव मी होतो, सही माझी आहे.

कोल्हापुरात राहत नाही त्याला इथल्या फुटबॉलचा जोर सांगून पटत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. त्यांतले बरेचसे मुळात तालमी, म्हणजे लाल मातीत कुस्ती करणाऱ्या पेठांच्या संस्था. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथं पोराला पाढ्यांच्या आधी येतात. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात सामना असला की त्या दुपारी दोन्हीकडची दुकानं अर्धी बंद असतात. संघ चालतो वर्गणीवर, देणगीवर आणि पेठेतल्या सराफापासून भाजीवाल्या मावशीपर्यंत प्रत्येकाच्या खिशातून निघालेल्या पैशावर. हा पैसा हातात घेऊन खेळाडू निवडायचा, हे काम मी नऊ वर्षं करतो आहे. त्यातलं जे समजलं ते लिहितो आहे. चूक झाली त्या वर्षाचं जास्त लिहितो, कारण शिकलो त्याच वर्षी.

अनुभवी खेळाडू का घ्यायचा, याला समितीत एकच उत्तर असतं. "आपली पोरं चांगली आहेत, पण मोठ्या सामन्यात गडबडतात. एक मुरलेला माणूस पाहिजे." हे उत्तर खोटं नाही. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरलेलो असतो. पाचवी पेनल्टी मारायला कुणी पुढं येत नव्हतं, हे सगळ्या पेठेनं पाहिलेलं असतं. त्या रात्रीपासूनच "बाहेरचा आणा" सुरू होतं. आणि मग येतो व्हिडिओ.

व्हिडिओ मध्यस्थ पाठवतो. चार-पाच मिनिटांचा, मागं जोरदार संगीत, गोलामागून गोल. या तुकड्यांत खेळाडू कधीच दमलेला दिसत नाही, कारण दमलेले क्षण कापलेले असतात. चेंडू गेल्यावर तो परत धावतो का, दिसत नाही. गोल कोणत्या साली झाला, तेही कळत नाही. आमच्या खेळाडूच्या व्हिडिओत त्याच्या अंगावर तीन वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी होत्या, आणि त्यांतली सर्वांत ताजी जर्सी तीन वर्षांपूर्वीची होती. हे मला मार्च महिन्यात कळलं. सही नोव्हेंबरमध्ये झाली होती.

आता मी संगीत लावलेला व्हिडिओ उघडतच नाही. मागच्या हंगामातला एक अख्खा सामना मागतो, हरलेला असला तर जास्त चांगलं. तो आवाज बंद करून, शेवटच्या वीस मिनिटांपासून बघायला सुरुवात करतो. वही घेऊन बसतो. पानावर दोन रकाने: चेंडू गेल्यावर तो किती वेळा धावत मागं आला, आणि किती वेळा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एका नामांकित मधल्या फळीतल्या खेळाडूचा सामना मी असा पाहिला. पहिल्या अर्ध्यात अकरा वेळा धावत मागं आला होता. शेवटच्या वीस मिनिटांत एकदा. त्याचे पास सगळे सुंदर होते, अगदी शेवटपर्यंत. तो चेंडूपाशी होता तेव्हा उत्तमच होता; मात्र चेंडू बहुतेक वेळ दुसरीकडे असायचा.

हीच चूक कोट्यवधींचं बजेट असलेल्या क्लबांकडूनही झालेली आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघानं एक जगप्रसिद्ध नाव आणलं. दिल्लीकडे अलेस्सांद्रो देल पिएरो आला. इटलीचा विश्वविजेता, त्या नोव्हेंबरात चाळिशी पूर्ण केलेला. १० सामने, १ गोल. मुंबई सिटीनं आणलेला फ्रेडी युंगबर्ग जेमतेम चार सामने खेळू शकला. आम्ही कोल्हापुरात टीव्हीसमोर बसून हे बघत होतो. स्टेडियम भरत होती, आणि त्या पहिल्या वर्षी स्टेडियम भरणं हाच त्या नावांचा उपयोग होता, हे मी मान्य करतो. लीगला चेहरा लागतो. पण आमच्या तालमीला चेहरा नको होता, आमची गॅलरी तशीही भरते. आम्हाला एप्रिलच्या उन्हात दुपारी चार वाजता धावणारा माणूस हवा होता.

घानाचा असामोआ ग्यान २०१९ साली गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. तीन विश्वचषकांत गोल केलेला माणूस. तो संपला होता असं कुणी म्हणू नये: आठ सामन्यांत चार गोल केले त्यानं. पण पायाचा स्नायू दुखावला आणि जानेवारी २०२०मध्ये तो निघून गेला. संघानं आक्रमण त्याच्याभोवती उभारलेलं होतं. दहा संघांत नॉर्थईस्ट नववा आला. मला यातली खरी जोखीम इथं दिसते. वयस्कर खेळाडू वाईट खेळेल ही भीती तशी लहान आहे. वाईट खेळला तर बदलता येतो. तो चांगला खेळतो, सगळा संघ त्याच्यावर टेकून उभा राहतो आणि मग एका दुपारी तो मांडीचा मागचा भाग धरून खाली बसतो, तेव्हा खेळाडूबरोबर संघाची अख्खी मांडणीच मैदानाबाहेर जाते.

दिएगो फोर्लानचं मुंबईतलं वर्ष मला अजून आठवतं. २०१०च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, २०१६ साली सदतीस वर्षांचा. त्यानं केरळा ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल मारले आणि मुंबई सिटी साखळीत पहिली आली. उपांत्य फेरीचा पहिला सामना कोलकात्यात होता. तिथं त्याला लाल कार्ड मिळालं आणि परतीच्या सामन्यात तो बाहेर बसला. त्या सामन्यात एकही गोल झाला नाही, मुंबई एकूण ३-२नं बाहेर गेली. अनुभवी माणूस शांत डोक्याचा असतो, हे आपण गृहीत धरतो. दमलेल्या पायांना उशीर होतो, आणि उशिरा पोचलेला पाय चेंडूऐवजी माणसाला लागतो. पंच जन्मतारीख विचारत नाही.

आता उलटी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. २०१७ साली एफसी गोवानं चौतीस वर्षांचा एक स्पॅनिश आघाडीवीर घेतला: फेरान कोरोमिनास, म्हणजे कोरो. सायप्रसच्या एका लहान क्लबातून आलेला. स्पेनमध्ये एस्पान्योलकडून खेळताना २००६ साली शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणी गोल करून त्यानं तो क्लब पहिल्या श्रेणीत राखला होता, पण ती अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्यात कुणी त्याच्या नावावर तिकीट काढलं नसतं. पहिल्या हंगामात त्यानं १८ गोल केले. दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. तीन वर्षांत ४८.

मी फातोर्ड्याला दोन सामने खास त्याला पाहायला गेलो. कोल्हापूरहून सकाळी निघालो की आंबोली उतरून दुपारी गोव्यात. गॅलरीत बसून मी चेंडू सोडून दिला आणि नव्वद मिनिटं फक्त कोरोकडे पाहिलं. तो फार कमी धावत होता. बहुतेक वेळ चालत होता, पण चालताना मान सतत वळत होती: मागं, बाजूला, पुन्हा मागं. दोन बचावपटूंच्या बरोब्बर मधल्या पट्ट्यात तो उभा राहायचा, म्हणजे दोघांनाही वाटावं की हा दुसऱ्याचा माणूस. मग चार-पाच पावलांची एक झेप. तेवढीच. चेंडू तिथं येत होता, कारण तो आणून देणारी माणसं संघात होती. सर्जिओ लोबेरा या प्रशिक्षकाची खेळण्याची पद्धतच जमिनीवरून पास देत पुढं सरकण्याची होती. मागं अहमद जाहू, पुढं ह्यूगो बुमूस, एदू बेदिया, आणि आपले गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस आणि मंदार राव देसाई. पळण्याचं काम मंदारसारख्यांनी केलं, शेवटच्या पाच पावलांचं कोरोनं. २०१९-२० साली एफसी गोवा साखळीत अव्वल आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

परतताना गाडीत मी गप्प होतो. आम्ही आमचा खेळाडू घेतला तेव्हा समितीतल्या एकानंही विचारलं नव्हतं, की याला चेंडू कोण देणार? आमची पोरं लांब चेंडू मारून पाठीमागं पळणारी. आमच्याकडे कोरो आला असता तर तोही कमरेवर हात ठेवून उभा राहिला असता.

वयाचा सरसकट नियम करून ही अडचण सुटत नाही. आर्सेन वेंगरच्या काळात आर्सेनलचा शिरस्ता होता, की तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एकाच वर्षाची मुदतवाढ. एसी मिलानचं धोरणही तसंच होतं. २०११ साली बत्तीस वर्षांचा आंद्रेआ पिर्लो मिलान सोडून फुकटात युव्हेंटसला गेला. पुढच्या हंगामात युव्हेंटस एकही सामना न हरता इटलीचा विजेता झाला, मधोमध पिर्लो. मिलाननं जन्मदाखला वाचला, युव्हेंटसनं खेळ पाहिला. तरीही, आमच्यासारख्या वर्गणीवरच्या संघानं एका वर्षाच्या वर जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. पिर्लो पारखणारी नजर आमच्याकडे नाही, आणि चूक पचवायला दुसरा हंगामही नाही.

आमच्या खेळाडूचं पुढं काय झालं ते सांगतो.

पहिल्या सामन्यात तो छान खेळला. दुसऱ्यात त्यानं गोल केला आणि पेठेत फटाके उडाले. तिसऱ्या सामन्यात, पूर्वार्धात, अंगावर कुणीही नसताना तो वळला आणि बसला. त्यानं आरडाओरडा केला नाही. डावा गुडघा दोन्ही हातांत धरून तो नुसता मैदानाकडे बघत राहिला. त्या नजरेत धक्का नव्हता. त्याला माहीत होतं. स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याच्याजवळ पोचलो होतो. त्यानं माझा हात धरला आणि इंग्रजीत सॉरी म्हणाला.

एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली, आणि तिच्याशेजारी जुन्या शस्त्रक्रियेची खूण. डॉक्टरांनी विचारलं, "ही आधीची शस्त्रक्रिया तुम्हाला माहीत होती ना?" मी मान खाली घातली. पुढं बरंच वाचलं, फिजिओंशी बोललो. सगळे एकच सांगतात: नव्या दुखापतीचं सर्वांत मोठं भाकीत म्हणजे जुनी दुखापत. ज्याची मांडी एकदा ओढली गेली, त्याची पुन्हा ओढली जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. वयानं स्नायू सावकाश भरून येतात, आणि आमचं वेळापत्रक दोन सामन्यांत चार दिवसही देत नाही. मैदान डिसेंबरात मऊ असतं, एप्रिलमध्ये टाचांना दगडासारखं लागतं.

मध्यस्थाचा फोन त्या दिवसापासून लागला नाही. खेळाडू मात्र आमच्याकडेच होता. तालमीमागच्या गल्लीत आम्ही त्याला एक खोली घेऊन दिली होती. परदेशी माणूस राहायला आला की तेव्हा घरमालकाला चोवीस तासांत पोलिसांकडे सी फॉर्म भरावा लागायचा, तोही मीच धावपळ करून भरला होता. आता त्या खोलीत तो पाय उशीवर ठेवून पडलेला. आमच्या खजिनदाराच्या आई त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण पाठवायच्या. भाकरी त्याला आवडायला लागली; तो तिला "काकींची ब्रेड" म्हणायचा. मलयाळम भाषेत २०१८ साली 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' नावाचा चित्रपट आला. मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलमध्ये खेळायला आलेला नायजेरियन खेळाडू जखमी होतो आणि संघाचा व्यवस्थापक त्याला स्वतःच्या घरी नेतो, अशी त्याची कथा. तो आम्ही तालमीत सगळ्यांनी मिळून पाहिला. पडद्यावर काय चाललंय ते समजायला आम्हाला सबटायटल लागली नाहीत.

त्याचे पैसे द्यायचे की नाही, यावर समितीत दोन रात्री वाद झाला. "त्यानं दुखापत लपवली, एक रुपया देऊ नका," असं म्हणणारे जास्त होते. मी द्यायचे म्हणालो, आणि आजही तेच म्हणेन. आम्ही त्याला जुन्या दुखापतींबद्दल विचारलंच नव्हतं. आबांनी पायरीवर दाखवलं तेही मी ऐकलं नव्हतं. व्यावसायिक क्लबांना तर यात वादाला जागाच नाही. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो आणि उरलेल्या मुदतीचे पैसे मागू शकतो. दुखापत हे पगार थांबवायचं कारण होत नाही. नवीन खेळाडू नोंदवायला बंदी येते ती वेगळीच. आमचा करार स्टॅम्प पेपरवरचा, साधा. तरी शब्द तो शब्द. वर्षाच्या जमेतला तिसरा हिस्सा त्याच्याकडे गेला. ज्युनिअर पोरांचे बूट त्या वर्षी घेतले नाहीत.

एवढं होऊनही पुढच्याच हंगामात आम्ही पुन्हा एक अनुभवी खेळाडू घेतला. छत्तीस वर्षांचा, गोव्याचा, स्टॉपर. समितीत निम्मे लोक चिडले. त्याला आबांनी निवडला. चाचणीच्या दिवशी आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा बोलावलं. "पहिल्या दिवशी सगळेच पळतात. उठल्यावर दुसऱ्या दिवशी कसं चालतोय ते बघायचं." तो दुसऱ्या दिवशी वेळेच्या तासभर आधी आला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही घोट्यांना स्वतःच्या हातानं पट्टी बांधायला बसला. टाचेखालून, वर, आठाच्या आकड्यात, पुन्हा टाचेखालून. वीस मिनिटं. आमची पोरं बघत उभी. एकानं विचारलं, "रोज बांधता, दादा?" तो कोकणीत हसून म्हणाला, अठरा वर्षं झाली.

धावण्यात तो आमच्या पोरांच्या मागंच होता. पण स्टॉपरला मागून सगळं मैदान दिसतं आणि तोंड असतं. महिन्याभरात त्यानं आमचे शब्द उचलले: "मागं!", "सोड!", "माणूस धर!" नव्वद टक्के चेंडू तो पायानं नव्हे, आवाजानं अडवायचा. शेजारच्या बॅकला दोन पावलं आत घेतलं की समोरच्याचा पासच बंद व्हायचा. जागेनुसार वयाचा हिशेब बदलतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो. आघाडीवीर आणि विंगर यांचं भांडवल म्हणजे पहिली पाच पावलं, आणि ती आधी जातात. स्टॉपरचं भांडवल जास्त टिकतं. गोलरक्षकाचं सर्वांत जास्त: डेव्हिड जेम्स २०१४ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी केरळा ब्लास्टर्सच्या गोलमध्ये उभा होता, प्रशिक्षकही तोच, आणि तो संघ नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

तो गोव्याचा माणूस दोन हंगाम राहिला. आमच्या बचावात आज जी तीन पोरं आहेत, ती तिन्ही घोट्याला तशीच पट्टी बांधतात.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो त्याच्याबद्दल. पहिला खेळाडू घेतला त्या वर्षी आमच्याकडे एक एकोणीस वर्षांचं पोरगं होतं. स्ट्रायकर. पेठेतलंच, वडील रिक्षा चालवायचे. डाव्या पायाचं, गोलकडे पाठ करून चेंडू घेऊन वळणारं. कच्चं होतं, मान्य. सहापैकी चार संधी घालवायचं. पण सातवीसाठी पुन्हा तिथंच पोचायचं. आदल्या हंगामात ते राखीव होतं, आणि या वर्षी जागा आपली, असं त्यानं धरलं होतं. उन्हाळाभर पहाटे एकटं रंकाळ्याला पळायला जायचं.

आम्ही बाहेरचा आणला आणि त्याला बेंचवर बसवलं. मी त्याला म्हणालो, "त्याच्याकडून शीक. मोठा खेळाडू आहे." तो "होय दादा" म्हणाला. पण शिकायचं कसं? आमचा खेळाडू सराव कमी करायचा, गुडघा जपायचा. पोरांशी बोलायला भाषा नव्हती. तिसऱ्या सामन्यात तो पडल्यावर पोराला घातलं. सगळी पेठ ओरडत होती, बाहेरच्यावर घातलेल्या पैशाचा राग त्या पोरावर निघत होता. त्याच्याकडून एक सोपा गोल हुकला आणि गॅलरीतून जे शब्द आले ते मी इथं लिहिणार नाही. प्रशिक्षकानं त्याला बदललं. पुढच्या सामन्यापासून आम्ही दुसऱ्या तालमीतून एक जुना आघाडीवीर उसना मागायच्या खटपटीला लागलो. म्हणजे तीच चूक पुन्हा.

मे महिन्यात ते पोरगं शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागलं. शिफ्टची नोकरी, सकाळचा सराव जमेना. मी दोनदा घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "खेळून काय मिळालं भाऊ त्याला?" कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट मिळाली होती. पेठेत उरलेल्या पोरांना वाट म्हणजे आम्हीच, तालमीच्या वरच्या खोलीत बसून यादी करणारे.

आता आमच्याकडे बाहेरचा खेळाडू घेताना कामाचा क्रम ठरलेला आहे. मागच्या दोन हंगामांत तो प्रत्यक्ष किती मिनिटं मैदानावर होता, हे आधी कागदावर येतं, गोल नंतर. मग दोन सलग दिवस चाचणी. मग आमच्या खर्चानं, आमच्या डॉक्टरांकडे एमआरआय, आणि जुन्या सगळ्या शस्त्रक्रियांची लेखी माहिती त्याच्या सहीनं. करार एका हंगामाचा, अर्धे पैसे ठरलेले, अर्धे खेळलेल्या सामन्यांवर, आणि मैदानावर दुखापत झाली तर उपचार आमचा, हेही त्यातच लिहिलेलं. त्या जागेवर पेठेतलं कोणतं पोर आहे आणि त्याला या वर्षी किती सामने मिळणार, हे त्याच कागदावर खाली लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. आबा गेल्या वर्षी वारले. पायऱ्या आता मी बघतो.

त्या हंगामाची स्कोअरबुकं माझ्याकडे आहेत. मध्यंतरी बसून बेरीज केली. बाहेरून आणलेला खेळाडू आमच्यासाठी एकूण एकशे शहाऐंशी मिनिटं खेळला. पेठेतल्या पोराला मिळाली चोवीस.